गोपनीयता कोणाची?

‘गोपनीयता’ हा शब्द मराठी माणसाला दोन ठिकाणी हटकून भेटतो. मंत्री ‘पदाची व गोपनीयतेची’ शपथ घेतात तेव्हा, आणि भ्रमणध्वनीत नवे अ‍ॅप घेताना ‘गोपनीयता धोरण मान्य आहे’ या चौकटीवर आपण काहीही न वाचता बोट टेकवतो तेव्हा. पहिल्या जागी त्याचा अर्थ राज्यकर्त्याने राखायचे गुपित, दुसऱ्या जागी नागरिकाचे खासगीपण. शब्द एकच, मालक दोन. मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना ही बाब किरकोळ वाटत नाही. शब्दांची सरमिसळ झाली की मागोमाग हक्कांचीही होते.

‘खासगी’ शब्दाचे कुळ पाहा. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि राणीच्या नावची ‘खासगी’ वेगळी. म्हणजे खासगी असणे हा मुळात थोरामोठ्यांचा मान. सामान्य माणसाच्या वाट्याला तो यायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. तरीही ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भिता कशाला?’ हा प्रश्न सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येतोच.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मालवणच्या किनाऱ्यावर सापडते. येथे रापण ओढली जाते ती साऱ्या गावादेखत, आणि मासळीचे वाटेही उघड्या वाळूतच पडतात. पण होडी घेऊन पाण्यात जाणारा मच्छीमार जाळे कुठे टाकतो, ते सहसा कुणाला सांगत नाही. त्यात चोरी नसते. ती त्याची वर्षानुवर्षांची विद्या असते, आणि तिच्यावर त्याची चूल पेटते. खासगीपण म्हणजे पापावर घातलेले पांघरूण नव्हे, हे यापेक्षा सोपे करून आम्हांला सांगता येणार नाही.

गंमत अशी, की हाच मच्छीमार पाळतही मागतो. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. त्यांची अंमलबजावणी होत नाही म्हणून पारंपरिक मच्छीमार पुनःपुन्हा आंदोलने करीत आले. जानेवारी २०२५ मध्ये किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली. एका हाताने स्वतःची जागा झाकावी आणि दुसऱ्या हाताने पाळत मागावी, ही विसंगती नव्हे काय? आमच्या मते नव्हे. त्याची मागणी कायदा मोडणाऱ्याकडे पाहा एवढीच आहे. डोळा असावा की नसावा, यापेक्षा तो कुणाकडे वळतो आणि कुणाला उत्तर देतो, हे महत्त्वाचे.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाने अनुभवले. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २८ ऑगस्टला त्याच किल्ल्यावर दोन राजकीय गट परस्परांना भिडले. चित्रफिती क्षणार्धात घरोघरी पोहोचल्या, आणि भ्रमणध्वनी हे सामान्य माणसाच्या हातातले केवढे साधन आहे ते दिसले. त्याच दिवसांत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मोर्चाला जायचं तर फोन घरी ठेवू का?” तिच्यापाशी लपवण्यासारखे काही नव्हते. होते ते एक मत, आणि पुढे व्हायची चारित्र्य पडताळणी. शांततेने एकत्र जमणे हा संविधानाने दिलेला हक्क आहे, एवढे आम्ही सांगितले. निर्धास्त जा, असे सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांला नव्हता. भरती तिची होती.

३० ऑगस्टला पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी पुतळ्याच्या दुर्घटनेबद्दल क्षमा मागितली. योगायोग असा, की त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचाही आरंभ झाला. भ्रमणध्वनीची हद्द संपते तिथूनही संकटाचा संदेश पाठवणारे हे यंत्र वादळात जीव वाचवील. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण नौका कुठे गेली, किती वेळ थांबली, ही नोंद म्हणजे त्या मच्छीमाराने मनात जपलेली जागाच. ती किती काळ ठेवली जाईल, आणखी कुणाच्या हाती जाईल, हे विचारणे म्हणजे तंत्रज्ञानाला विरोध करणे नव्हे.

विचारायचे तर साधन हवे. २००५ चा माहिती अधिकार कायदा हे ते साधन. व्यक्तिगत माहिती नाकारण्याच्या त्यातील कलमालाच व्यापक जनहिताचा अपवाद जोडलेला होता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने तो काढला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आला. जनहिताची वाट दुसऱ्या एका कलमात शिल्लक आहे, पण ती चालून दाखवणे आता अर्जदाराला अधिक जड जाणार. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेल्या कायद्याने कार्यालयाच्या कपाटालाही एक कुलूप मिळाले. मालक बदलला, शब्द तोच राहिला.

म्हणून आम्ही वर्गात हे दोन शब्द आता कटाक्षाने वेगळे वापरतो. सत्तेची ती गोपनीयता. ती जितकी कमी तितकी बरी. नागरिकाचे ते खासगीपण. त्यासाठी त्याला कारण द्यावे लागू नये. शब्द नीट वापरल्याने कायदे बदलत नाहीत, हे आम्हांलाही कळते. पण बोट टेकवण्यापूर्वी आपण नेमके काय देऊन टाकत आहोत, एवढे तरी विद्यार्थ्यांना मराठीत सांगता यावे.