थेरपिस्टबाई, आधी तुमची ओळख सांगा

मी कंटेंट रायटर आहे. दिल्लीत हिंदूराव भागात भाड्याच्या खोलीत राहते आणि दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या ओळखी लिहिते. दंतवैद्य, योगशिक्षक, वकील आणि अलीकडे सगळ्यात जास्त थेरपिस्ट. 'मी कोण, मी कसं काम करते' एवढं दोनशे शब्दांत सांगायचं असतं. ते वाचून समोरचा माणूस फोन करायचा की नाही, हे ठरवतो.

माझी आई कोल्हापूरला असते. मी दिल्लीत खोली घेतली तेव्हा ती काळजीत होती. मग तिला सांगितलं, की हे हिंदूराव म्हणजे आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातले, बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. 19व्या शतकात ते इथे राहत होते. लगेच तिचा आवाज बदलला. "मग आपलंच की!" माणूस कुठला, कुणाचा हे कळलं की आईला धीर येतो.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर आईची झोप गेली. अंबाबाईला जाणं थांबलं, शेजारी हळदीकुंकवाला बोलावलं तरी ती जाईना. मावशी म्हणायची, "मन रमव कशात तरी." मन रमवता आलं असतं तर तिने रमवलं नसतं का? थेरपिस्टशी बोलू या, असं मी सुचवलं, तर आधी उत्तर आलं, "मी काय वेडी आहे?" चार दिवसांनी तिनेच फोन केला आणि तीन प्रश्न विचारले.

"ती बाई शिकलीय काय?"

हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा, कारण 'थेरपिस्ट' या एका शब्दावरून शिक्षण कळत नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचाराचे डॉक्टर, ते औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिचा क्रमांक विचारायला लाजू नये. समुपदेशकांचं शिक्षण आणखी वेगळं असतं. ज्याने त्याने आपण यांपैकी कोण, हे पहिल्या ओळीत सांगावं.

"माझं बोलणं कुणाला सांगणार तर नाही?"

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोपनीयता रुग्णाचा हक्क मानली आहे. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, अशा काही प्रसंगांचा त्याला अपवाद आहे. चांगले थेरपिस्ट हे अपवाद आधीच समजावून सांगतात. आईला मी सांगितलं, "मी फी भरली तरी तू काय बोललीस ते मला कळणार नाही." ते तिला फार आवडलं.

"मराठीतनं बोलता येईल ना?"

बाबांबद्दल आई हिंदीत काय बोलणार होती? म्हणून दिल्लीतल्या ओळखीच्या थेरपिस्ट बाजूला ठेवून मी कोल्हापुरात शोध घेतला.

आपल्याकडे मराठीतून हे काम बरीच वर्षं चाललं आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये 'आयपीएच' ही संस्था सुरू केली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत त्यांनी सोप्या मराठीत घराघरांत नेली. घटना आपल्या हातात नसते, पण तिच्याविषयी आपण मनाशी काय बोलतो ते तपासता येतं, हे त्या पद्धतीचं सार. सगळ्यांना एकच पद्धत लागू पडत नाही. दुःख ताजं असेल तर आधी नुसतं ऐकून घेणारं माणूस लागतं. म्हणून थेरपिस्टने पद्धतीचं इंग्रजी नाव सांगून थांबू नये. पहिल्या भेटीत काय होईल, किती वेळ लागेल, फी किती, पटलं नाही तर काय, हेही सांगावं.

कोल्हापूरच्या बाईंनी फोनवर स्वतःची ओळख करून दिली. शिक्षण सांगितलं, नोंदणी क्रमांक सांगितला. मग म्हणाल्या, "मी उपदेश करणार नाही. पहिल्या वेळी तुम्ही बोला, मी ऐकेन. रडू आलं तर येऊ द्या. माझ्याशी जुळलं नाही तर सांगा, मी दुसरं नाव सुचवेन."

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शुक्रवार नको, देवीचा वार. गुरुवारी येते."

आता सात गुरुवार झाले. झोप अजून पुरती आलेली नाही. तिथे काय बोलणं होतं, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. मात्र मागच्या आठवड्यात तिने बाबांचं कपाट स्वतःहून उघडलं आणि त्यांचा एक स्वेटर मला कुरियरने पाठवला. दिल्लीची थंडी, म्हणाली.

तुमच्या घरी कुणी असं गप्प झालं असेल आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक जवळ ठेवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. पुढे थेरपिस्ट निवडायची वेळ आली, तर आईचे तीन प्रश्न बिनधास्त विचारा. उत्तरं देताना समोरचा माणूस वैतागला, तर दुसरा शोधा.