आधी मोजा उतरवा

डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर गर्दीत पाय मुरगळला, की पहिला प्रश्न ठरलेला: एक्स-रे कुठे काढायचा? माझं म्हणणं, आधी दोन्ही पायांतले मोजे उतरवावेत, पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यावी आणि डॉक्टरांनी घोट्याला हात लावावा. जुन्या पद्धतीच्या ओढीने मी हे म्हणत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यासाठी नियमच घालून दिले. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड खालच्या सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबायची. पावलाच्या बाहेरच्या कडेचा, करंगळीच्या रेषेतला उंचवटा आणि आतल्या बाजूचं नौकाकृती हाडही दाबून पाहायचं. तिथे दुखत नसेल आणि लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत असतील, तर फोटोची गरज सहसा नसते. उलट, टाचेमागची जाड कंडरा तुटली तर हाडांचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, की निदान तिथेच होतं.

वय बदलतं तसा एकाच खुणेचा अर्थ बदलतो, तो यंत्राला कसा कळावा? लहान मुलाचे तळवे सपाट दिसतात म्हणून आईबाप धास्तावतात. त्याला चवड्यांवर उभं करून मागून पाहावं. कमान उमटली आणि टाच आत वळली, तर बहुतेक मुलांना खास बुटांची गरज नसते. पन्नाशीच्या बाईला एका पायावर तेच करायला सांगितलं आणि टाच वळलीच नाही, तर घोट्याच्या आतून जाणारी कंडरा निकामी होत चालल्याची ती खूण असते.

‘दुखतंय का’ विचारणारी ही तपासणी बधिर पायापुढे मात्र लंगडी पडते. ओटावाचे नियमही तिथे जपून वापरायचे असतात. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना न कळल्याने झालेल्या जखमा ती खातात, हे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं. मधुमेहातही तेच घडतं. म्हणून तळव्याला दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवायचा, घोट्यामागचा मज्जातंतू जाड लागतो का पाहायचं, आणि बोटांच्या बेचक्याही उघडायच्या. पावसाळ्यात तिथल्या चिखल्यांतून जंतू आत शिरतात.

ओपीडीच्या रांगेत एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. पण मोजे काढून ठेवायला सांगणं आणि धागा टेकवणं परिचारिकाही करू शकते. हात चुकतो, हेही खरं. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून घोट्यामागचीही चाचपायची, आणि शंका उरली तर पुढच्या तपासण्या आहेतच. मला सर्वांत अवघड वाटतो तो संकोच. डॉक्टर वाकले, की आजी पाय ओढून घेतात. त्यांना आधी सांगावं, विचारावं, पाऊल स्टुलावर ठेवायला लावावं, आणि काढून ठेवलेली चप्पलही उलटी करून कुठे झिजली ते पाहावं.