जाड तार

आमच्या निमगाव सावात सुभेदार आबांच्या माळवदावर एक तार ताणलेली आहे. लोकांना वाटतं कपडे वाळत घालायची. ती हॅम रेडिओची एरियल. आबा फौजेत सिग्नलला होते. पेन्शनीत आल्यावर परीक्षा देऊन सरकारी परवाना काढला. किल्लारीच्या भूकंपात, 1993 साली, फोन बंद पडले तेव्हा हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले, हे ते आल्यागेल्याला सांगतात. आजी गेल्यापासून संध्याकाळी 40 मीटर बँडवरच्या चार ओळखीच्या आवाजांशी बोलणं, एवढाच त्यांचा शेजार.

कांदा काढणीच्या दिवसांत एका रात्री लाईट गेली, आली, परत गेली. सकाळी आबांचा निरोप, "सप्लाय मेलाय, ये जरा." मी दहावीनंतर काही वर्षं रेडिओ दुरुस्त करायचो, म्हणून मला बोलावलं. सप्लायचा काचेचा फ्यूज उडाला होता. दुसरा जवळ नव्हता. खळ्यात मजूर खोळंबलेले. आबा आत चहा टाकायला गेले तेवढ्यात मी उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली आणि बटण दाबलं. शेतातल्या मोटारीला आपण सगळे हेच करतो. सप्लाय रेड्यासारखा हंबरला, वार्निश जळल्याचा वास आला. पिन ओढली. आबांना म्हणालो, "मोठं काम दिसतंय." तारेचं बोललो नाही.

तो ट्रान्सफॉर्मर त्यांच्या मेलेल्या दोस्तानं हातानं गुंडाळलेला. तो माझ्यामुळं जळला असला तर? चार रात्री झोप नीट लागली नाही.

पाचव्या दिवशी खोलून बसलो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा ब्रिजपासून सोडवल्या आणि शंभरच्या बल्बमधून सिरीज लाईन दिली. बल्ब भक्कन पेटला असता तर संपलंच होतं. जरा लुकलुकला अन् विझला. पलीकडं मीटरवर 18 व्होल्ट. माझ्या जिवात जीव आला.

मग दोष ब्रिजचा, म्हणजे रेक्टिफायरचा. त्यात चार डायोड असतात. डायोड म्हणजे विजेचा फूट वाल्व. एकीकडूनच जाऊ देतो. वाल्व फुटला की चढलेलं पाणी परत विहिरीत, तसं एक डायोड मीटरवर दोन्हीकडून शून्य दाखवत होता. फ्यूज बिचारा तेच सांगत होता आणि मी त्याचं तोंड तारेनं बांधलं होतं.

एसटीनं पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून 35 अँपियरचा ब्रिज आणला. मोठे कपॅसिटर आधी स्कूटरच्या बल्बवर रिकामे केले; त्यांचा साठा बंद सप्लायमध्येही चटका देतो. जुन्या ब्रिजखालची पेस्ट वाळून खडू झाली होती, तापायचं तेही कारण असणार. ती खरवडून नवी लावली, अधिक-उणे दोनदा बघितलं आणि ब्रिज पत्र्याला आवळून बसवला. आधी सिरीज बल्बवर, मग सरळ. मीटरवर 13.8. काटा हलेना.

संध्याकाळी आबांनी सात मेगाहर्ट्झवर हाक दिली. खरखर, खरखर, मग एक म्हातारा आवाज: "अहो, होतात कुठं इतके दिवस?" आबांनी डोळे पुसले. मला परवाना नाही, मी नुसता ऐकत बसलो.

उठताना म्हणाले, "फ्यूज कितीचा घातलास?"

"पाचचा, आबा."

"आणि ती तार?"

मी खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली.