रात्र थोडी, सोंगे फार

मागे पडलेला अभ्यास भरून काढता येतो, असे आपण मुलांना इतक्या निःशंकपणे सांगतो की, विद्या हा जणू सरकारी सारा असून चुकलेला हप्ता पुढल्या हप्त्याबरोबर व्याजासह भरला म्हणजे कुळाच्या नावावर काही बाकी उरत नाही. या हिशेबाविषयी मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळलेला विद्यार्थी महिन्याभराने वर्गात परततो, एखाद्या सहाध्यायाची वही मागून आणतो आणि रात्री कंदिलाशी बसून ती उतरवून घेतो. समासाची तांबडी रेघ, प्रमेयाखालचे पक्ष, साध्य आणि सिद्धता तो उतरवतोच. पण तास संपल्याची घंटा झाली म्हणून मूळ मालकाने जिथे लेखणी उचलली, तिथे तोही इमानाने थांबतो आणि अर्धवट सिद्धता अर्धवटच ठेवतो. वहीची रुजुवात होते. मास्तरांनी खडू खाली ठेवून, ‘हे असेच का?’ म्हणून वर्गाकडे पाहिले असेल, ते मात्र कोणत्याच वहीत नोंदलेले नसते.

अशा वेळी घरातले वडीलधारे माणूस हमखास म्हणते, ‘रात्र थोडी, सोंगे फार.’ या म्हणीची मला फार दिवस मौज वाटत आली आहे, कारण जे लोक खरोखरच रात्रभर सोंगे आणतात, त्यांच्या चेहऱ्यावर ही तक्रार कधी दिसत नाही. दक्षिण कोकणातल्या जत्रेत देवाची पालखी प्रदक्षिणा घालून आली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो. नटमंडळी पेटाऱ्यापाशी बसून आपापला चेहरा आपणच रंगवतात. हातात लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरले की संवाद ज्याने त्याने समयस्फूर्तीने बोलायचे. आणि नाव दशावतार असले तरी दहाही अवतार दाखवण्याचा अट्टाहास कोणी धरीत नाही! गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला, तांबडी जीभ लोंबणारा संकासुर येऊन मालवणीत यथेच्छ बोलून घेतो, विष्णूच्या हातून मरतो, आणि उरलेल्या अवतारांना परस्पर सूट देऊन मंडळी आख्यानाकडे वळतात. हा संकासुर म्हणजे वेद पळवणारा शंखासुर. त्याचा वध झाला म्हणजे वेद परत मिळाले, असे प्रेक्षक समजून चालतात. मधल्या काळात ब्रह्मदेवाचा जो पाठ बुडाला त्याचे पुढे काय झाले, हे मात्र जागरणाने डोळे तांबारलेल्या त्या गर्दीत कोणी विचारीत नाही.

तेव्हा मुलानेही नऊ अवतार गाळावेत काय? परीक्षेच्या तोंडावर ‘अपेक्षित प्रश्न’ धुंडाळणारी मुले हेच करतात, आणि त्यांना आपण नावे ठेवतो. इतिहासाचे एखादे प्रकरण गाळले तरी पुढली पेशवाई अडत नाही, हे खरे. पण भूमितीत मागले प्रमेय सुटले की पुढल्याची सिद्धता नुसती पाठ करावी लागते. दशावतारी नटाला गाळता येते, कारण न दाखवलेले अवतारही त्याला ठाऊक असतात. निदान मला तसे वाटते. त्यालाही ते ठाऊक नसतील, तर माझा सारा युक्तिवादच कोसळतो.

धोंडो केशव कर्वे 1875 साली मुरुडाहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मॅट्रिक व्हायला त्यांना 1881 साल उजाडले, वय तेवीस. पुढे हेच गृहस्थ फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. मधल्या वर्षांची त्यांनी वसुली केली, की ती वर्षे खर्ची टाकून ते नुसते आपल्या चालीने चालत राहिले? मला दुसरे खरे वाटते, पण मग ‘मागे पडणे’ हे कोणाच्या मागे, हा प्रश्न उरतोच. आणि सोमवारी ज्याची सहामाही आहे, त्या मुलाला गाठून ही गोष्ट सांगत बसणे म्हणजे त्याची आणखी अर्धी घटका खाणे होय.