दुसऱ्याच्या घरचं सोवळं

वेल्समधल्या कार्डिफमध्ये राहायला आलं की बारा ब्रीथ मुद्दाम शोधायला जावं लागत नाही. म्युझियमच्या कॅफेत, चॅपलच्या विक्रीत, १ मार्चला संत डेव्हिडच्या दिवशी शाळेतल्या टेबलावर तो भेटतोच. काळपट, वजनदार, कापला की आत मनुका-बेदाण्यांचे ठिपके दाखवणारा पाव. त्याच्या पातळ कापांवर मीठ घातलेलं लोणी मात्र हात सैल सोडून लावायचं, कारण पिठात तुपालोण्याचा थेंबही नसतो. मी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा केक म्हणून तो कमी गोड वाटला आणि पाव म्हणून फारच गोड.

करायला शिकवलं शेजारच्या बाईंनी. वजनकाटा नाही, वही नाही, एक चहाचा मग. मगभर सुका मेवा आणि मगभर साखर रात्री मगभर गरम कोऱ्या चहात भिजत घालायची. सकाळी त्यात एक अंडं, दोन मग सेल्फ रेझिंग मैदा आणि चमचाभर मसाला: दालचिनी, जायफळ, लवंग. टिनमध्ये ओतून मंद ओव्हनमध्ये तासभर, किंवा थोडं जास्त. खुपसलेली सुई कोरडी निघाली की झालं. चहा कुठला, किती वेळ मुरवलेला, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “किटलीत उरला असेल तो.”

माझं समाधान झालं नाही. मी मगाचं माप ग्रॅममध्ये बसवलं, मस्कोवाडो साखर शोधून आणली, पाव दुसऱ्या दिवसापर्यंत कापायचा नाही असा नियम केला. मेव्यात मुरलेल्या चहामुळे तो शिळा झाल्यावरच खरा लागतो, त्यामुळे नियम तसा बरोबर होता. पण वेलदोडा घालून बघू या, असं नवऱ्याने सुचवल्यावर मी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, ती नजर माझ्या आजीची होती. सोवळ्यातल्या पाण्याला कुणी हात लावला की ती तशी पाहायची.

माझ्या त्याच स्वयंपाकघरात होळीला पुरणपोळी कशी व्हायची? डाळ कुकरमध्ये, पुरण मिक्सरमध्ये, गूळ संपला असला तर सगळी साखरच. पुरणयंत्र पुण्याच्या माळ्यावर पडलेलं, आणि मला त्याची खंत नव्हती. पोळी माझीच होती, ती कुठे जाणार होती! बारा ब्रीथपुढे मात्र मी पाहुणी होते, आणि पाहुण्याला ताटातलं काही इकडचं तिकडे करायची भीती वाटते.

कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात काम करणाऱ्या मिनवेल टिबट वेल्समधल्या म्हाताऱ्या बायकांना भेटून त्यांच्या स्वयंपाकाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत असत. त्यातून १९७६ साली ‘वेल्श फेअर’ हे पुस्तक झालं. त्या पिढीच्या स्वयंपाकघरातला बारा ब्रीथ यीस्टचा होता. पाव भाजायच्या दिवशी भट्टी पेटली की पावाच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढायचा, त्यात चरबी, साखर, करंट मळायचे आणि घरच्यांना जरा गोडधोड करून घालायचं. सेल्फ रेझिंग मैद्याचं पेटंट हेन्री जोन्स यांनी १८४५ साली घेतलं, तेही सेव्हर्न नदीच्या पलीकडे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला. म्हणजे ज्या चहाच्या पावाची मी राखण करत होते, तो वेल्श बायकांनी मिक्सरमध्ये फिरवलेलं पुरणच होतं! मळणं नाही, फुगायची वाट पाहणं नाही. रात्री भिजवा आणि झोपा.

१८६५ साली ‘मिमोसा’ जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं लिव्हरपूलहून पॅटागोनियाला गेली. तिथल्या गायमान गावातल्या चहाघरांत आज ‘तोर्ता नेग्रा’ हा त्यांचा काळा, मेव्याने भरलेला केक मिळतो. बारा ब्रीथशी त्याचं नातं दिसतं, पण तो बारा ब्रीथ नाही. तरी त्याला वेल्शच म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

माझा हात कधी सैल झाला ते नेमकं सांगता येणार नाही. मुंबईहून आलेल्या सोसायटी चहाच्या पुडीतला चहा एकदा वापरला, मग त्यात आलं ठेचून घातलं, पुढे वेलदोडाही आला. नवऱ्याने काही न बोलता दोन काप खाल्ले. शेजारच्या बाईंना दिला, तर त्यांनी मसाला कुठला ते विचारलंसुद्धा नाही. लोणी पुढे ओढलं.

आता घरात बारा ब्रीथ लेक करते. ती वेल्श शाळेत शिकली. हाताला लागेल तो मेवा ती टाकते, मापं पाहत नाही. पण होळीला वजनकाटा घेऊन माझ्याशेजारी उभी राहते. “आई, पुरणात जायफळ नक्की किती? आणि कुकरमधली डाळ चालते का खरं तर?” पुण्याच्या माळ्यावरचं पुरणयंत्र आणायला तिने मला या वेळी बजावून सांगितलंय. आणेन. दोन-चार वर्षं तिला ते फिरवू दे. मग तीही मिक्सरकडे वळेल, आणि तेव्हा पोळी तिची झाली असेल.