तात्पर्य आणि दाराबाहेरचा भाऊ

मुलांसाठी बायबलमधील गोष्टी निवडणे आणि त्या मराठीत पुन्हा सांगणे हे काम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. गोष्टी तयार आहेत, त्यांची तात्पर्येही तयार आहेत. सांगणाऱ्याने भाषा तेवढी सोपी करावयाची, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या कामात पदोपदी निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांतील सर्वांत अवघड निर्णय गोष्ट कोठे सुरू करावी हा नसून ती कोठे थांबवावी हा आहे.

बंगळूरच्या राजाजीनगरात आमच्या घरी गेली काही वर्षे रविवारी दुपारी दहा-बारा मराठी मुले जमतात. काहींची घराणी मूळची अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती, तर काहींची बेळगावकडील हिंदू. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत ही मुले वाढत आहेत. आईवडिलांची अपेक्षा दुहेरी असते: मुलांच्या कानांवर चांगले मराठी पडावे आणि गोष्टीतून त्यांना काही बोध व्हावा. पहिल्या अपेक्षेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दुसरीविषयी मात्र थोडे लिहावेसे वाटते.

ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते ते चक्रवर्ती राजगोपालाचारी स्वतः जुन्या कथा नव्याने सांगणारे लेखक होते. महाभारत आणि रामायण त्यांनी तमिळमध्ये सामान्य वाचकांसाठी सांगितले; त्यांच्या ‘चक्रवर्ती तिरुमगन’ या रामायणकथेला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथेच्या ओघात थांबून वाचकाशी चार शब्द बोलण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्या वाचकाला मूळ कथा बहुधा आजीच्या तोंडून आधीच ठाऊक असे. बोध त्याला कथेच्या जोडीला मिळे, कथेच्या बदल्यात नव्हे. माझ्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना योना कोण हे माहीत नसते. मी सांगेन तेवढेच त्यांचे बायबल. तेव्हा मी शेवटी जोडलेले वाक्य त्यांच्या मनात गोष्टीची जागा घेऊन बसण्याचा धोका आहे.

छापील मराठीत मुलांच्या गोष्टी आणि नीतिबोध यांची सांगड जुनी आहे, आणि तिचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, दक्षिणेत झालेला दिसतो. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापले गेले. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक १८७३ साली सुरू झाले, तोवर मुलांची गोष्ट म्हणजे प्रसंग आणि त्याखाली बोध, हा साचा मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला होता. बायबलमधील गोष्टीही त्याच साच्यात ओतल्या जाव्यात, हे स्वाभाविकच होते. तथापि इसापाची कथा बोधासाठीच रचलेली असते. बोध काढून घेतला की कोल्हा आणि द्राक्षे यांत फारसे काही उरत नाही. बायबलमधील अनेक कथांचे तसे नाही.

मराठीत दुसरी परंपराही आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे प्रथम छापले गेले. (अर्वाचीन मराठी भाषांतरासह त्याची एक आवृत्ती २००९ साली बंगळूरहूनच प्रसिद्ध झाली.) त्या ग्रंथाच्या आरंभी नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीकडे मागणी करतो: आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे पुराण द्या. या मागणीमागची व्यथा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावे की, प्रश्नोत्तरीची शिकवण मिळूनही त्या माणसाची भूक भागली नव्हती. त्याला सिद्धांत नव्हे, कथा हवी होती. आणि जी कथा त्याला मिळाली तीत श्रोत्याच्या शंकेला जागा होती. पुराण आणि कीर्तन यांच्या श्रोत्याला शंका विचारण्याचा अधिकार असतो. तात्पर्याच्या वाचकाला तो नसतो.

या दृष्टीने लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुलांच्या पुस्तकांत ती बहुधा बापाने धाकट्याला मिठी मारली तेथे संपते आणि खाली पश्चात्तापाचे तात्पर्य येते. मूळ दृष्टांत त्यापुढेही चालतो. मोठा भाऊ शेतातून परततो, त्याला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकू येतो, आणि घरात काय चालले आहे हे त्याला एका चाकराला विचारावे लागते. तो रागावून दाराबाहेरच राहतो. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही.

ही गोष्ट मी पूर्ण सांगितली त्या दुपारी बारा वर्षांची एक मुलगी ऐकत होती. आईची कामाची पाळी असली की धाकट्या भावाला तीच सांभाळते. त्या वर्षी शाळेच्या सहलीलाही त्यामुळेच गेली नव्हती. तिने विचारले, “मोठ्याला शेतावर बोलवायला कुणीच गेलं नव्हतं का?”

हा प्रश्न कल्पनेतून आलेला नाही. तो संहितेतच आहे. मेजवानी सुरू झाली, आणि घरासाठी राबणाऱ्याला निरोप गेला नाही. पापी लोकांच्या पंक्तीला बसल्याबद्दल कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री हे या दृष्टांताचे श्रोते होते, असे अध्यायाच्या आरंभीच म्हटले आहे. म्हणजे गोष्ट मुख्यतः मोठ्या भावालाच उद्देशून आहे, आणि ज्याला ती सांगावयाची त्यालाच आपल्या पुस्तकांनी गाळले आहे. पश्चात्तापाचे तात्पर्य त्या मुलीच्या हाती दिले असते, तर तिच्यासाठी त्या घरात जागाच उरली नसती.

निवडीचा प्रश्न शब्दांपर्यंत पोहोचतो. या गोष्टीतील पोसलेले वासरू काही घरांना खुपते. एका आजींनी तसे बोलूनही दाखविले. ‘मेजवानी’ म्हणून भागवणे सोपे आहे. परंतु मोठ्या भावाची तक्रार अशी की, मित्रांबरोबर आनंद करण्यासाठी मला कधी करडूसुद्धा मिळाले नाही. वासरू गेले की करडाचे माप जाते आणि तक्रार पोकळ होते. मी वासरू ठेवले, आणि आजींना त्याचे कारण सांगितले. त्यांना ते पटले नाही. पण नातू येत राहिला.

अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट मी लहानांना सांगत नाही. श्रियाळ-चांगुणेची कथा ऐकलेल्या मराठी मुलाला, किंवा सिरियाळाची कथा ऐकलेल्या कन्नड मुलाला, ती सर्वस्वी परकी नाही. परंतु विस्तव आणि लाकडे आहेत, कोकरू कोठे आहे, हा इसहाकाचा प्रश्न ज्या वयात आपलाच वाटतो त्या वयात त्यावर आज्ञाधारकपणाचे तात्पर्य ठेवणे मला क्रूर वाटते. मोठ्या मुलांना ती सांगतो, आणि तो प्रश्न झाल्यावर क्षणभर थांबतो.

काही गोष्टी आपणहून प्रश्नावर येऊन थांबतात. योना माशाच्या पोटातून सुटला तेथे मुलांची पुस्तके मिटतात; मूळ ग्रंथ मात्र चौथ्या अध्यायात वाळलेल्या वेलीपाशी जातो आणि निनवेतील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची व पुष्कळ गुरांची मी कीव करू नये काय, या देवाच्या प्रश्नाने संपतो. योनाचे उत्तर दिलेले नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात पहाटेपासून राबलेल्यांना आणि दिवसाचा शेवटचा तासभर काम केलेल्यांना सारखीच मजुरी मिळते. औद्योगिक वसाहतीजवळ वाढलेल्या, बापाच्या ओव्हरटाइमचा हिशेब जाणणाऱ्या मुलांना हे उघड अन्यायाचे वाटते. मग मजूर अड्ड्यावर संध्याकाळपर्यंत उभ्या राहिलेल्यांनी दिलेले कारण मी पुन्हा सांगतो: आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. त्यावर वाद होतो, आणि तो मी मिटवीत नाही.

यावर आक्षेप असा की, बोध न सांगणे म्हणजे जबाबदारी टाळणे. हा आक्षेप एका ख्रिस्ती पालकांनी कळकळीने घेतला होता. श्रद्धा ही गोष्टीपेक्षा मोठी आहे, असे त्यांचे म्हणणे. ते मला मान्य आहे. परंतु चांगल्या शमरोनी माणसाच्या गोष्टीत, जेथे शेवटी तसेच करण्याची आज्ञा खरोखरच आहे, तेथेही येशू आधी ऐकणाऱ्याला विचारतो की, तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उत्तर त्या शास्त्र्याच्या तोंडून येते, आज्ञा त्यानंतर. हा क्रम ज्याने पाळला त्याच्या गोष्टी सांगताना आपण तो उलटा करावा, याला आधार सापडत नाही. मुलांनी उत्तर द्यावयास एक रविवार घेतला किंवा दहा वर्षे घेतली, तरी ते त्यांचेच असले पाहिजे.