खालचा थर

चित्राला तडा गेला तो दिवाळीत. मशालीच्या उजेडातला चेहरा मी सर्वांत मन लावून रंगवला होता. नेमकी त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग पडली.

विषय वसईच्या वेढ्याचा. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं. ते सुरुंग खणणारी माणसं मला दाखवायची होती. आठ फुटी तैलचित्र, आगाशीतल्या एका कार्यक्रमासाठी, हातात अडीच महिने, तेही पावसाळ्याचे. तरी मी होकार दिला.

जलरंग पाणी उडून सुकतो. तैलरंगाचं तसं नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवायचे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. स्वतः मात्र उलट केलं. भुयाराचा अंधार खोल दिसावा म्हणून तपकिरी अंबर रंगात भरपूर तेल घातलं. आठव्या दिवशी बोटाला कोरडा लागला, तेवढ्यावर विसंबून टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग वर चढवला. वरचा थर लवकर आवळला, खालचा अजून ओलाच होता. भेगा तेव्हाच ठरून गेल्या होत्या.

दुसरी चूक याहून मोठी. शेजारच्या केळीच्या वाडीत काम करणारे काका माझ्यासाठी एक सकाळ कुदळ धरून उभे राहिले. त्यांचा अर्धा दिवस मोडला आणि मी चहावर भागवलं. त्या एका रेखाटनावरून मी अकरा माणसं उभी केली. औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची शिवचरित्रावरची चित्रं मी पाहिली आहेत. प्रत्येक आकृतीमागे किती अभ्यास असतो हे मला माहीत होतं. तरीही मी तो टाळला.

चित्र पाहून काका एवढंच म्हणाले, "बाळा, भुयारात कोण उभं राहून खणतं? डोकं आपटेल ना."

अकराच्या अकरा माणसं ताठ उभी होती. ज्यांच्या कष्टांसाठी चित्र काढलं, त्यांचे कष्टच मला ठाऊक नव्हते.

मी आयोजकांचे पैसे परत केले आणि कॅनव्हास घरी आणला. या हिवाळ्यात पुन्हा सुरुवात केली आहे, रंगांना हात न लावता. काकांना आता पूर्ण दिवसाची मजुरी देतो. ते उकिडवे बसतात, आखूड दांड्याची कुदळ धरतात. वीसेक मिनिटांत त्यांचा गुडघा थरथरू लागतो. मग ते उठतात, पाय मोकळे करतात, पुन्हा बसतात.

आतापर्यंत बेचाळीस रेखाटनं झाली. त्यातली नऊ फक्त त्या गुडघ्याची आहेत.